'चालकाचा ताबा सुटला': रस्त्याच्या बातमीत माणूस कुठे असतो?

वैदेही_के

गेल्या वर्षी माझ्या वडिलांना मोटारीने उडवलं. सकाळी सात वाजता, पुण्यात सिंहगड रस्त्यावर. सायकलची चेन उतरली म्हणून ते कडेला उकिडवे बसून ती चढवत होते. पाय मोडला, खुब्यात रॉड घालावा लागला. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात बातमी आली. कात्रण जपून ठेवलंय, ते असं:

"भरधाव मोटारीवरील चालकाचा ताबा सुटल्याने झालेल्या अपघातात सायकलस्वार ज्येष्ठ नागरिक गंभीर जखमी झाला. सायकलला रिफ्लेक्टर नसल्याचे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. अपघातानंतर परिसरात काही काळ वाहतूक कोंडी झाली होती."

तीन वाक्यं. पहिल्याचा कर्ता शोधा. सुटला कोण? ताबा. गाडी चालवणारा माणूस षष्ठीत जाऊन बसलाय. दुसऱ्या वाक्यात दोष सायकलचा, तोही लख्ख उजेडात न लागणाऱ्या रिफ्लेक्टरचा. आणि तिसरं वाक्य मागे अडकलेल्या गाड्यांसाठी. बाबा रस्त्यावर पडलेले असताना ज्यांना दहा मिनिटं उशीर झाला, त्यांचीसुद्धा दखल त्या बातमीत आहे.

तेव्हापासून मी शहर पान वेगळ्या नजरेने वाचते. 'वाहनचालक त्रस्त', 'वाहनचालकांना दिलासा', 'पार्किंगचा प्रश्न ऐरणीवर'. रस्त्याच्या बातमीत नागरिक म्हणजे वाहनचालक, असं आपण सगळ्यांनी मान्यच करून टाकलंय. 'पादचारी त्रस्त' हा मथळा गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा वाचलात? केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातली ३२,८२५ चालत जात होती. दिवसाला नव्वद! आणि २०११ च्या जनगणनेत मोटार होती फक्त ४.७ टक्के घरांत, सायकल ४४.८ टक्के घरांत. आता मोटारी खूप वाढल्यात, कबूल. पण तरीही बातम्या कोणत्या घरांसाठी लिहिल्या जातायत?

मला उत्तर हवंय. पेपरात काम केलेलं कुणी इथे असेल तर त्यांनी सांगावं.

---

जुना_उपसंपादक

वैदेहीताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी एकोणीस वर्षं डेस्कवर होतो, त्यातली सात रात्रपाळीत. तुम्ही दाखवलेलं वाक्य मी स्वतः शेकडो वेळा लिहिलं असेल, म्हणून ते तसं का होतं ते सांगतो.

रात्री साडेदहा-अकराला क्राइमचा बातमीदार पोलीस ठाण्यातून आलेल्या माहितीवर चार ओळी पाठवतो. फिर्यादीत जी भाषा असते, तीच खाली उतरते. पानाचा डमी, म्हणजे कच्चा आराखडा, आधीच आलेला असतो, जाहिराती लागलेल्या असतात, तुमच्या वाट्याला एक सिंगल, म्हणजे एका स्तंभाची जागा, उरते. तपास सुरू असताना 'चालकाने उडवले' लिहिलं आणि पुढे ब्रेक निकामी झाल्याचं निघालं, तर नोटीस पेपरला येते. 'ताबा सुटला' हा उपसंपादकाचा बचाव आहे, गाडीवाल्याचा कैवार नव्हे.

आणि माध्यमांनी मोटारवाल्यांना पाठीशी घातलं, हे सरसकट मान्य नाही. १९ मे २०२४ चं कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण आठवा. मोटारसायकलवरच्या दोघांचा जीव घेणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. ते प्रकरण लावून कुणी धरलं? बातमीदारांनीच. रोज, पहिल्या पानावर. त्या दबावाशिवाय रक्ताचे नमुने बदलल्याचं बाहेर आलं असतं, असं मला वाटत नाही.

---

वैदेही_के

उपसंपादकसाहेब, त्या प्रकरणात पत्रकारांनी केलेलं काम मोठंच होतं. पण ती गाडी कोट्यवधींची नसती, साधी हॅचबॅक असती, तर? मेलेले दोघे मोटारसायकलवरच असते, तेवढेच तरुण. बातमी तीच चार ओळींची झाली असती. तिथे गोष्ट श्रीमंतीच्या माजाची झाली. वेगाची आणि रस्त्याची झालीच नाही.

रिफ्लेक्टरचं मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत. तो कोणत्या फिर्यादीत होता?

---

वाघोलीकर

मी रोज वाघोलीहून खराडीमार्गे मोटारीने जातो, म्हणजे इथला खलनायक मीच. तरी लिहितो.

माझ्या घरी अर्धांगवायू झालेली आई आहे. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. तिला मी सायकलवर नेऊ? बसची पायरी तिला चढता येत नाही, रिक्षावाला व्हीलचेअर बघून नाही म्हणतो. मोटार माझी चैन नाही. हप्ते भरताना जीव मेटाकुटीला येतो. आणि पेपर उघडला की पर्यावरणाच्या लेखात मी गुन्हेगार! कोथरूडच्या बाल्कनीत बसून 'गाड्या सोडा' लिहिणाऱ्यांनी एकदा नगर रस्त्यावर सकाळी साडेनऊला येऊन दाखवावं.

तुम्ही म्हणता बातम्या वाहनचालकांसाठी असतात. मला उलट दिसतं. रविवारच्या पुरवणीत सायकल म्हणजे पुण्य. कुणीतरी डॉक्टर सायकलवर दवाखान्यात जातात, त्यांचा हसरा फोटो, सोबत हेल्मेट आणि महागडी गिअरची सायकल. आमच्या कोंडीची बातमी येते कारण कोंडी खरी आहे. दोन तास जातात आयुष्यातले. ती बातमी छापणं म्हणजे पक्षपात कसा?

---

पीएमटीची_प्रवासी

वाघोलीकर, तुमच्या आईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण बघा, त्यांना बसची पायरी चढता येत नाही, ही बातमी तुम्ही कधी वाचलीत? मी नाही वाचली. ती असायला हवी होती.

पुण्याच्या बससेवेला मी अजून पीएमटीच म्हणते, २००७ ला पीएमपीएमएल झाली तरी. हडपसर–स्वारगेट हा माझा रोजचा रस्ता, तेवीस वर्षं. डिसेंबर २००६ मध्ये याच मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. पहिल्या दिवसापासून पेपरात काय होतं? अपघात, कोंडी, 'बीआरटीचा बोजवारा'. काम खरंच गलथान होतं. थांबे रस्त्याच्या मध्यात आणि तिथवर पोचायला धड ओलांडणी नाही. माझी मैत्रीण तिथेच पडून जखमी झाली. पण बस वेगळ्या मार्गिकेतून सुटल्यावर आमच्यासारख्यांना कसं वाटलं, हे विचारायला एकही माणूस बसमध्ये चढला नाही. प्रश्न विचारले गेले ते शेजारच्या मार्गिकेत थांबलेल्या मोटारींना. बसमध्ये साठ बाया-माणसं आणि बाहेर साठ गाड्या असल्या, तर बातमीत कोंडी साठ गाड्यांची होते.

त्याच २००६ मध्ये केंद्राचं शहरी वाहतूक धोरण आलं. त्यात सरळ लिहिलंय की प्राधान्य माणसांच्या वाहतुकीला द्या, वाहनांच्या नाही. धोरण आलं, बातमीची भाषा होती तिथेच राहिली.

---

गिरगावकर

मुंबईचं सांगतो, थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये किनारी रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. वाहिन्यांचे प्रतिनिधी मोटारीत बसून, हातात घड्याळ धरून बोगद्यातून गेले. 'अवघ्या काही मिनिटांत!' त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, हे ओझरतं आलं. त्याच वर्षी जानेवारीत समुद्रावरचा अटल सेतू, २१.८ किलोमीटर. तिथेही दुचाकी-रिक्षा नाही आणि मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये. तो सगळ्या मुंबईला मिळालेला रस्ता म्हणून दाखवला गेला.

मे २०२५ मध्ये बेस्ट बसचं किमान भाडं ५ चं १० झालं. थेट दुप्पट. दोन-तीन दिवस बातमी होती. पेट्रोल रुपयाने वाढलं की पंपावर किती माईक जातात, ते आठवा. आमच्या चाळीतल्या तीन बायका त्या बसने धुण्याभांड्याच्या कामाला जातात. त्यांच्या महिन्याच्या हिशेबात किती रुपये वाढले, हे मला त्यांनी सांगितलं, पेपराने नाही.

---

उत्रेख्तहून_समीर

नेदरलँड्समध्ये अकरा वर्षं आहे. 'तिकडचं तिकडे' म्हणाल, पण ही गोष्ट इथल्या वर्तमानपत्राचीच आहे म्हणून लिहितो.

हा देश पूर्वीपासून सायकलींचाच होता, असं आपल्याकडे वाटतं. तसं नाही. १९७१ मध्ये या इवल्याशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. विक लांगेनहाउझेन नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी अशीच गेली. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या 'दे टाइट' या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याचं शीर्षक होतं 'बालहत्या थांबवा'. अपघात हा शब्दच त्यांनी टाकला आणि हत्या म्हटलं. त्या शीर्षकाचीच पुढे चळवळ झाली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा लोकांनी मोकळा रस्ता डोळ्यांनी पाहिला. सायकल मार्ग एका रात्रीत बांधले गेले नाहीत, वीस-तीस वर्षं गेली. पण आधी शब्द बदलला.

त्यामुळे 'चार ओळींच्या बातमीने काय होतं' असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही.

---

वाघोलीकर

समीर, तिथे जून ते सप्टेंबर असा पाऊस पडतो का? एप्रिलात चाळीस अंश असतात का? इथे सायकल मार्ग आखले की त्यावर पाणीपुरीची गाडी आणि डीपीचा बॉक्स असतो. पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या सायकली आल्या, दोन-तीन वर्षांत गायब. लोकांनी नाकारलं की नाही?

आणि 'हत्या' हा शब्द मला भयंकर वाटतो. वैदेहीताईंच्या वडिलांना धडकणारा माणूस चुकला. पण तो सकाळी कुणाला तरी मारायला निघाला नव्हता. उद्या माझ्या हातून झालं तर मी खुनी?

---

वैदेही_के

वाघोलीकर, मी कुणाला खुनी म्हटलेलं नाही. 'चालकाने सायकलस्वाराला धडक दिली' एवढंच वाक्य मला हवंय. त्यात शिवी नाही, न्यायनिवाडा नाही. धडक कुणी दिली एवढंच आहे.

भाड्याच्या सायकलींचं बोललात ते बरं झालं. त्या काळात मोडलेल्या, पाडून ठेवलेल्या सायकलींचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. 'पुणेकरांनी सायकल नाकारली'. ज्या मार्गावरून त्या चालवायच्या होत्या त्यावर मोटारी उभ्या होत्या, हे त्याच फोटोत दिसायचं. फोटोखालच्या ओळीत नसायचं. खड्डे पडले म्हणून कुणी 'पुणेकरांनी मोटार नाकारली' लिहितं का? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, बांधून पंधरा-एक वर्षंच झाली होती. त्यावरून मोटारीची कल्पनाच फसली, असं कुणी म्हटलं नाही. पूल चुकीचा होता म्हणाले. मग सायकल मार्ग चुकीचा होता, असं का नाही म्हणत?

आणि पावसाचं म्हणाल, तर आमच्याकडे दूध टाकणारा मुलगा, वॉचमनकाका, मंडईत हमाली करणारे, सगळे जुलैतही सायकलवरच येतात. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून. तुम्ही पुरवणीतल्या डॉक्टरांबद्दल लिहिलंत, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. हौसेने चालवणारा 'सायकलप्रेमी' होतो आणि गरजेने चालवणारा फक्त अपघाताच्या बातमीत येतो, तेव्हा तो 'सायकलस्वार इसम' असतो.

---

जुना_उपसंपादक

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण रिफ्लेक्टरचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. तो फिर्यादीत नसणार. बातमीदाराने चौकात कुणालातरी विचारलं असेल आणि त्याने सांगितलं ते लिहिलं असेल. डेस्कवर मी असतो तरी तो तसाच जाऊ दिला असता, कारण बातमीला एक 'कारण' लागतं आणि ते फुकट मिळालेलं असतं. हे बरोबर नव्हतं.

कोंडीची ओळ कुठून येते तेही सांगतो. ती वाहतूक शाखेकडून आलेली असते, जागा भरायला उपयोगी पडते. तीही काढता येते. तिच्या जागी त्या ठिकाणी याआधी किती अपघात झाले, हे एक वाक्य बसतं. पोलिसांकडे तो आकडा असतो, मागावा लागतो.

पण 'चालकाने धडक दिली' हे पहिल्या दिवशी लिहावं, याला माझा विरोध कायम आहे. दोन वाहनं समोरासमोर आली असतील तर कुणी कुणाला दिली?

---

वैदेही_के

दोन वाहनं असतील तेव्हा तुमचा नियम लावा. बाबा बसलेले होते.