‘टाळेबंदी’, ‘विलगीकरण’ आणि घरात प्रत्यक्ष बोलले गेलेले शब्द

प्रश्न

करोनाच्या साथीत, २०२० च्या मार्चपासून पुढचे काही महिने, माझ्या सासूबाई एका वहीत रोज चार-दोन ओळी लिहीत असत. ती वही टंकलिखित करून घरातल्या मुलांना द्यावी, असे आम्ही ठरवले आहे. अडचण अशी की त्यांचे शब्द आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतले शब्द जुळत नाहीत. ‘एकशे चव्वेचाळीस लागले’, ‘लॉकडाऊन पुन्हा वाढला’, ‘ह्यांना मागच्या खोलीत बाजूला बसवले आहे, ताट दाराशी ठेवते’ अशी त्यांची वाक्ये आहेत. तळटीपा देताना मला टाळेबंदी, संचारबंदी, जमावबंदी, विलगीकरण, अलगीकरण हे शब्द लागणार आहेत आणि त्यांतला नेमका फरक मला सांगता येत नाही. ‘लॉकडाऊन’चे लिंग कोणते धरावे, हाही प्रश्न आहे. घरातल्या एका ज्येष्ठांचे म्हणणे असे की ‘लॉकडाऊन’ खोडून सर्वत्र ‘टाळेबंदी’ करावे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

वहीतला एकही शब्द बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खुलासा तळटीपेत करावा. त्याचे कारण केवळ मूळ लिखाणाचा आदर एवढेच नाही. ‘टाळेबंदी’ हा शब्द त्या काळात छापला पुष्कळ गेला, पण स्वयंपाकघरात तो फारसा बोलला गेला नाही, आणि ज्यांच्या वहीत तो नाही त्यांच्या तोंडी तो घालणे म्हणजे घराच्या बोलण्यात वर्तमानपत्राचा मथळा चिकटवणे होय.

‘टाळेबंदी’ हा शब्द २०२० साली जन्मलेला नाही. कामगार चळवळीच्या मराठीत तो जुना आहे. कामगाराने काम थांबवले की संप, आणि मालकाने कारखान्याचे दार बंद करून कामगाराला आत येऊ दिले नाही की टाळेबंदी, अशी ही जोडी आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये या दोन्ही संज्ञांच्या स्वतंत्र व्याख्या होत्या. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ‘टाळेबंदी’ म्हटले की गिरणीचे बंद फाटक आणि बाहेर ताटकळणारे कामगार दिसतात. त्या टाळेबंदीत माणूस बाहेर राहतो, २०२० च्या टाळेबंदीत तो आत राहिला. शब्द तोच, दाराची बाजू मात्र उलटली. हा अर्थविस्तार चूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण शब्द असेच वाढतात; पण ज्या ज्येष्ठांना तो शुद्ध मराठी प्रतिशब्द म्हणून आपोआप योग्य वाटतो, त्यांनी हा जुना अर्थ विसरू नये. जाता जाता एक शुद्धलेखनाची सूचना: ‘ताळेबंद’ म्हणजे जमाखर्चाचा मेळ, त्याचा या शब्दाशी संबंध नाही. घाईच्या टंकलेखनात ‘ताळेबंदी’ असे रूप उमटते, ते तपासून घ्यावे.

आता ‘बंदी’चे समास. जमावबंदी, संचारबंदी, दारूबंदी यांत पहिले पद ज्या गोष्टीला मनाई आहे ती सांगते. नाकाबंदीत आणि जिल्हाबंदीत पहिले पद अडवलेली जागा सांगते. टाळेबंदीत टाळ्याला मनाई नसते, टाळे हे बंद करण्याचे साधन असते. त्यामुळे ‘संचारबंदी’ वाचताच काय करायचे नाही ते कळते, ‘टाळेबंदी’ वाचून ते कळत नाही. दूध आणायला जाता येईल की नाही, याचे उत्तर त्या शब्दात नसते, सोबतच्या आदेशात शोधावे लागते. त्या दिवसांत घरोघरी सकाळचा वेळ याच शोधात जात असे.

तळटिपेसाठी क्रम असा देता येईल. २२ मार्च २०२० रोजी, रविवारी, देशभर ‘जनता कर्फ्यू’ झाला; तो स्वेच्छेने पाळायचा होता. २३ मार्चपासून महाराष्ट्राच्या नागरी भागांत जमावबंदी लागू झाली, म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई. त्याच दिवशी पुढचे पाऊल म्हणून राज्यभर संचारबंदी जाहीर होऊन जिल्ह्यांच्या सीमाही बंद करण्यात आल्या. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी भाषण केले आणि त्याच मध्यरात्रीपासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली सुरू झाली. ती पुढे ३ मे, १७ मे आणि ३१ मेपर्यंत वाढत गेली. आपल्या सासूबाईंचे ‘पुन्हा वाढला’ हे यांपैकी कोणत्या तारखेचे आहे, ते वहीतल्या नोंदीवरून ठरवता येईल.

‘एकशे चव्वेचाळीस’ला तळटीप अवश्य द्यावी. हे फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधले कलम. जमावबंदीचा आदेश त्याखाली निघतो हे लोकांना इतके परिचित होते की कलमाचा आकडाच जमावबंदीचे नाव झाला, आणि संचारबंदीचे आदेशही त्याच कलमाखाली निघत असल्याने बोलण्यात दोन्ही एकच झाले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि तशाच तरतुदीचा क्रमांक १६३ झाला. आपल्या घरातली मुले मोठी होतील तेव्हा ‘एकशे चव्वेचाळीस लागले’ हे वाक्य त्यांना कोड्यासारखे वाटेल.

त्या वाक्यातले ‘लागले’ मला त्या आकड्याहून अधिक मोलाचे वाटते. शासन निर्बंध ‘लागू करते’, घरातला माणूस मात्र ‘लॉकडाऊन लागला’ म्हणतो. मराठीत ग्रहण लागते, सुतक लागते, नाट लागते, दृष्ट लागते. म्हणजे आपण काही न करता बाहेरून येऊन आपल्याला चिकटणाऱ्या अवस्थांचे हे क्रियापद आहे. संपण्याची क्रियापदे मात्र निरनिराळी आहेत. ग्रहण सुटते, सुतक फिटते, बंदी उठते. लॉकडाऊनच्या बाबतीत लोक ‘उठला’, ‘उघडला’, ‘संपला’ असे सगळेच म्हणत राहिले. तो एका दिवशी संपला नाही, थोडा थोडा सैल होत गेला, त्यामुळे एक क्रियापद रूढ होण्याइतका ठाम क्षण आलाच नाही, असा माझा तर्क आहे. शासकीय मराठीने या सैल होण्यासाठी ‘निर्बंध शिथिल करणे’ हा प्रयोग धरला. तो चांगला आहे.

लिंगाविषयी: ‘लॉकडाऊन’ पुल्लिंगी अधिक रूढ आहे, बहुधा ‘कर्फ्यू’च्या वळणावर. ‘लॉकडाऊन लागलं’ असे नपुंसकलिंगी रूपही कानावर येते. वहीत जे असेल ते ठेवावे, तळटिपांत मात्र एकच रूप असावे.

विलगीकरण आणि अलगीकरण यांचा शास्त्रीय फरक सोपा आहे, वापरातला गोंधळ मोठा आहे. लागण झालेल्या माणसाला इतरांपासून दूर ठेवणे हे विलगीकरण. लागण झाली असेल अशी शंका आहे, प्रवास झाला आहे किंवा रुग्णाशी संपर्क आला आहे, अशा माणसाला ठराविक मुदतीपर्यंत निराळे ठेवणे हे अलगीकरण. मराठीच्या स्वभावालाही हा भेद मानवतो, कारण जोडलेले सुटते तेव्हा ते ‘विलग’ होते, आणि एखादी गोष्ट आधीपासून निराळी ठेवली की ती ‘अलग’ असते. पण हा भेद पाळला गेला नाही. दोन्ही अवस्थांना ‘गृह विलगीकरण’ म्हटलेले सर्रास आढळते, आणि शासनाच्या निवेदनांतही ‘होम क्वारंटाइन’ हे इंग्रजी शब्द देवनागरीत येत राहिले. महाराष्ट्रात अशा व्यक्तींच्या डाव्या हाताच्या पंजामागे जो शिक्का मारला जाई, त्यावरही ‘होम क्वारंटाइन्ड’ हेच इंग्रजी शब्द होते. मग लोकांनी ‘ते घरी क्वारंटाइन आहेत’ असे नामाचे सरळ विशेषण करून टाकले, यात नवल नाही. आपल्या सासऱ्यांची तपासणी झाली होती की नुसता संपर्क आला होता, हे विचारून घ्या आणि त्याप्रमाणे तळटिपेत योग्य तो एकच शब्द लिहा.

‘बाजूला बसवले’ या प्रयोगाला मात्र दोन्ही शब्द पुरे पडत नाहीत. जुन्या घरांत ‘बाजूला बसणे’, ‘बाहेर बसणे’ हे बायकांच्या मासिक पाळीच्या चार दिवसांसाठी बोलले जाई. निराळी चटई, निराळे तांब्या-भांडे, कोणी शिवायचे नाही, ताट दुरून सरकवायचे, हा सगळा व्यवहार ज्या पिढीच्या अंगवळणी पडला होता, तिला पुरुषमाणसाला मागच्या खोलीत ठेवताना नेमका हाच शब्द सुचावा, हे स्वाभाविक आहे. त्यात थोडा खट्याळपणाही असू शकेल. दुसरा सहज शब्द ‘वेगळे ठेवले’ हा होता. पण मराठी कुटुंबात ‘वेगळे’ म्हटले की वेगळी चूल, वाटण्या, भावाभावांची फारकत आठवते, म्हणून पुष्कळांनी तो टाळला असावा. सासूबाईंना विचारता येत असेल तर जरूर विचारावे.

पुरवणी प्रश्न

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सासूबाईंना विचारले, ‘मग काय म्हणणार होते?’ एवढेच त्या म्हणाल्या. आणखी दोन शंका आहेत. ‘भाजीवाल्यापासून चार हात लांब उभी राहिले’ या वाक्याला ‘सामाजिक अंतर’ अशी तळटीप द्यावी का? आणि माझ्या नवऱ्याच्या कामाबद्दल एके ठिकाणी ‘घरून काम’, तर दुसरीकडे ‘घरातले काम’ असे आहे. दोन्हींचा अर्थ एकच घ्यावा का?

पुरवणी उत्तर

‘सामाजिक अंतर’ ही तळटीप कृपा करून देऊ नये. ज्या समाजात शिवाशिवीचा इतिहास आहे तिथे हा शब्दप्रयोग अतिशय अडचणीचा ठरतो. समाजातले अंतर कमी व्हावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्यांच्या भाषेत तेच अंतर राखण्याचे आवाहन करणे विपरीत दिसते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता आणि तो रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ असे म्हणण्याकडे कल दाखवला, कारण माणसांनी मनाने जोडलेले राहावे आणि फक्त शरीराने दूर असावे, अशी अपेक्षा होती. मराठीत ‘सुरक्षित अंतर’ हा शब्दही पुष्कळ चालला. मला तो सर्वांत बरा वाटतो.

पण आपल्या सासूबाईंच्या वाक्याला खरे तर यातली कोणतीच तळटीप लागत नाही. ‘चार हात लांब’ हा वाक्प्रचार जुना आहे आणि एरवी तो त्रासदायक माणसाला टाळण्यासाठी वापरतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे माप म्हणजे एक हात, सुमारे दीड फूट. चार हातांचे सहा फूट होतात. सरकारी घोषणेतले ‘दोन गज’ म्हणजेही सहा फूट. वाक्प्रचाराने अंतर अगदी बरोबर मोजले होते, फक्त बिचाऱ्या भाजीवाल्याला त्रासदायक माणसांच्या यादीत बसवले.

‘घरून काम’ आणि ‘घरातले काम’ यांचा अर्थ एक घेऊ नये. ‘घरून’मधला ‘ऊन’ हा पंचमीचा प्रत्यय आहे; काम कचेरीचे, ते फक्त घराहून चालले आहे, असा त्याचा अर्थ. ‘घरातले काम’ म्हणजे केर, भांडी, कपडे. कामाला येणाऱ्या मावशींना अनेक सोसायट्यांनी प्रवेश बंद केला तेव्हा हे काम घरच्यांवर आले, आणि ते सगळ्यांमध्ये सारखे वाटले गेले नाही. त्यामुळे ‘आज त्याने घरातले काम केले’ अशी नोंद असेल, तर तिथे आपल्या पतिराजांनी खरोखर भांडी घासली असण्याची शक्यता आहे. संदर्भ पाहून ठरवावे; ती नोंद ‘घरून काम’ समजून दुरुस्त केली, तर त्यांच्यावर अन्याय होईल.

शाळेच्या नोंदी असतील तर त्यांतली क्रियापदेही तपासा. शाळा ‘भरते’ आणि ‘सुटते’. पडद्यावरच्या शाळेला ही क्रियापदे सहसा कोणी लावली नाहीत. ती ‘सुरू होई’ आणि ‘संपे’, किंवा नुसती ‘लिंक येई’. वहीत एखाद्या ठिकाणी ‘शाळा भरली’ असे आढळले, तर तारीख नीट पाहावी. ती नोंद बहुधा मुले पुन्हा वर्गात जाऊन बसली त्या दिवसाची असेल.