कमिशन शून्य, मग कंपनी वाढते कशावर?
एकांनी विचारलंय की यूपीआयवर कमिशनच नाही, तर पेमेंट कंपन्या एवढ्या फोफावतात कशा? प्रश्न रास्त आहे. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर (म्हणजे व्यवहारामागचं कमिशन) घेता येत नाही.

पण ठाण्यात जांभळी नाक्यावर मामांच्या किराणा दुकानात या, उत्तर काट्याशेजारीच ठेवलेलं आहे. पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा तो बोलणारा डबा, साउंडबॉक्स! (मराठी निवडून दिली होती, महिन्याभरात आपोआप हिंदीवर गेला. असो.) त्याचं भाडं दर महिन्याला परस्पर कापलं जातं. ऐन दिवाळीत आठवडाभर डबा मुका होता, भाडं मात्र वेळेवर गेलं.

खरी मलई कर्जात. रोजचा गल्ला कंपनीला दिसतोच, म्हणून ती एखाद्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) कर्ज पुढे करते. मामांनी एकदा घेतलं, हप्ता रोजच्या जमेतूनच वळता व्हायचा.

शिवाय क्रेडिट कार्ड आणि वेबसाइटवर पैसे स्वीकारून देणाऱ्या गेटवेला कमिशन आहेच. बिलडेस्क ही ऑनलाइन पेमेंट कंपनी 2000 सालची, बिलं भरून घेत मोठी झाली. यूपीआय तर आलं त्यानंतर, 2016 मध्ये.