साळावलीमुळे पाऊस वाढला?

गोव्यातलं साळावली धरण झाल्यापासून आसपासच्या सांगे तालुक्यात पाऊस वाढला, हे तुमचं म्हणणं काही पटत नाही. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीला धडकून कोसळतो. त्यापुढे २०-२५ चौरस किलोमीटरच्या जलाशयाची वाफ म्हणजे दर्यात खसखस. काठावरची दुपार जरा गार होत असेल, एवढंच.

धरणांतून सुटणाऱ्या मिथेन वायूचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. बुडालेली झाडं, पाला तळाशी ऑक्सिजनविना कुजतो आणि मिथेन सुटतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. ब्राझीलच्या बाल्बिना धरणाने २,००० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल गिळलं, आणि वीज? क्षमता जेमतेम २५० मेगावॉट!

मे महिन्यात साळावलीचं पाणी उतरून त्यात बुडालेलं कुर्डी गाव वर आलं की आपण सगळे सोमेश्वराच्या देवळाकडे धावतो. पण पाणी उतरताना तळावरचा दाब घटतो, गाळात अडकलेले मिथेनचे बुडबुडे सुटतात. उघड्या जमिनीवर उगवलेलं गवत पावसाळ्यात पुन्हा बुडून कुजतं, ते वेगळंच.

एक उलटा हिशेबही आहे. जगभरच्या धरणांनी पाणी अडवल्यामुळे विसाव्या शतकात समुद्राची पातळी सुमारे ३ सेंटीमीटर कमी वाढली. मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहून ते कळायचं नाही म्हणा.