रायफलच्या पुंगळीतून पिस्तुलाची पुंगळी: गरज असेल तरच, की नेहमीच?

मायक्रोमीटर (धागालेखक)

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांत एक समज मूळ धरतो आहे. रायफलच्या पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचं, बूड भक्कम, तेव्हा ती कापून घडवलेली पिस्तुलाची पुंगळी कारखान्यातून आलेल्या पुंगळीपेक्षा सरसच असणार, असा. मला हा समज धोक्याचा वाटतो. ज्या कॅलिबरची (नळीच्या मापाची) पुंगळी बाजारात मिळतच नाही तिच्यासाठी जरूर घडवा, ती विद्या टिकलीच पाहिजे. पण .४५ एसीपीसारख्या सहज मिळणाऱ्या पिस्तुलाच्या काडतुसासाठी रायफलची .३०८ विंचेस्टर कापत बसण्यात मिळकत काही नाही आणि जोखीम मात्र नवी.

कारण असं. रायफलच्या पुंगळीची भिंत बुडाकडे जाड होत जाते. .३०८ ची पुंगळी ५१ मिमीच्या थोडी वर, .४५ एसीपीची २२.८ मिमी. म्हणजे कापल्यावर नवं तोंड येतं ते ऐन जाड भिंतीत. आतून रीमर (भोक रुंद करणारं हत्यार) फिरवून पितळ काढलं नाही, तर गोळी बसवल्यावर तोंडाचा बाहेरचा व्यास चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेला, भारी पडतो. स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) जोरावर असं काडतूस आत शिरलंच, तर तोंडाला फुलायला जागा नसते, गोळी अडकून राहते आणि दाब उसळतो. रीमर नीट फिरवला तरी गोळीच्या खालची भिंत जाडच राहते. आतली पोकळी कमी, दारू मात्र पुस्तकात दिली तेवढीच. मग दाब वाढणारच.

आणि पुंगळी भक्कम झाली म्हणून पिस्तूल भक्कम होत नाही. मापं आणि दाब ठरवणाऱ्या सामी या अमेरिकी संस्थेची कमाल मर्यादा .३०८ साठी ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) आहे, .४५ एसीपीसाठी २१,०००. बूड रायफलचं आलं, पण स्लाइड, नळी आणि स्प्रिंग पिस्तुलाचीच राहिली.

घडणकार

असहमत. भिंतीच्या जाडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण निष्कर्ष पटत नाही.

.४४ ऑटो मॅगचं उदाहरण घ्या. हॅरी सॅनफोर्ड यांचं हे पिस्तूल १९७१ मध्ये पॅसाडीनाहून बाजारात आलं, तेव्हा त्याचं तयार काडतूस मिळत नव्हतं. लोकांनी .३०८ किंवा .३०-०६ च्या पुंगळ्या ३३ मिमीवर कापल्या, आतून रीम केल्या आणि त्यांत .४४ मॅग्नमच्या गोळ्या बसवल्या. मेक्सिकोच्या आणि स्वीडनच्या नॉर्मा कंपनीच्या कारखान्याचा माल नंतर आला. ते पिस्तूल आजही चालतं आहे ते या हातांमुळे. आता मला सांगा, हे हात तयार कसे होतात? दुर्मीळ पिस्तूल आणि दुर्मीळ पुंगळी हातात घेऊनच पहिला धडा गिरवायचा का? .४५ एसीपीसारख्या कमी दाबाच्या, ज्याची मापं आणि गेज सहज मिळतात अशा काडतुसावर शिकणं जास्त शहाणपणाचं. तुम्ही नेमका तोच रस्ता बंद करता आहात.

राहिली मापाची गोष्ट. बसवलेल्या गोळीवर तोंडाचा व्यास मोजायचा, काडतूस नळीत आपल्या वजनाने अलगद पडतं का ते पाहायचं, आणि भरणी सगळ्यात खालच्या आकड्यापासून पुन्हा सुरू करायची. जो हे करत नाही त्याने कारखान्याच्या पुंगळ्याही भरू नयेत.

टंचाईग्रस्त

घडणकारांना +१. २०२० नंतरच्या टंचाईत अमेरिकेत पिस्तुलाचं .३८० एसीपी दिसेनासं झालं होतं आणि रायफलच्या .२२३ च्या रिकाम्या पुंगळ्या रेंजवर पायाखाली येत होत्या. .२२३ च्या बुडाच्या कडेचा व्यास ९.६ मिमी, .३८० चा ९.५. इतकं जवळचं माप समोर असताना ती पुंगळी कापायची नाही तर काय करायचं? बाजार भरलेला असताना तत्त्व सांगणं सोपं असतं.

मायक्रोमीटर

@टंचाईग्रस्त, कडेची मापं जवळ आहेत, मान्य. भिंतीचं काय? .३८० ची पुंगळी १७.३ मिमीची. .२२३ ती लांबी ठेवून कापली की तुम्ही जवळजवळ बुडापर्यंत पोचता. गोळीचं बूड जिथे टेकायला हवं तिथे पितळ आडवं येतं. मग लोक जोर लावून गोळी दाबतात, पुंगळीला फुगवटा येतो, काहींची गोळी वर राहते. .३८० ची पोकळी आधीच एवढीशी की गोळी जरा जास्त खोल गेली तरी दाब झपाट्याने चढतो. टंचाईत घरी बसणं परवडतं, हाताची बोटं गमावणं परवडत नाही.

@घडणकार, शिकण्याचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर विचार करतो आहे. पण तुमच्यासारखी मोजणारी माणसं किती? बहुतेक जण 'जाड पितळ' हे दोन शब्द ऐकून दारू वाढवायला निघतात. माझा धागा त्यांच्यासाठी आहे.

खोलखण

प्राइमरबद्दल, म्हणजे बुडात बसणाऱ्या आणि दारू पेटवणाऱ्या टोपीबद्दल, कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

मोठ्या प्राइमरचा व्यास रायफलचा आणि पिस्तुलाचा सारखाच, पण रायफलच्या पुंगळीत तो बसतो तो खण साधारण ०.२ मिमी जास्त खोल असतो. .३०८ पासून बनवलेल्या पुंगळीत पिस्तुलाचा प्राइमर लावला तर तो आत बुडतो. फायरिंग पिनच्या फटक्याचा अर्धा जोर त्याला तळाशी पोचवण्यातच जातो. कधी उडतो, कधी नाही. रायफलचा प्राइमर लावला तर खोली जुळते, पण त्याची टोपी जाड आणि ज्वाला तिखट. पिस्तुलाची पिन कमी पडू शकते आणि दाबाचा हिशोबही बदलतो. याहून वाईट म्हणजे सवयीने तोच रायफलचा प्राइमर कारखान्याच्या पिस्तूल-पुंगळीत गेला तर तो बाहेर डोकावतो, आणि स्लाइड बंद होतानाच उडण्याची भीती असते. लहान प्राइमरमध्ये ही खोलीची भानगड नाही, टोपीच्या जाडीची आहे.

यावर माझं मत धागालेखकांच्या बाजूने. जे काम केल्यावर प्राइमरचा दुसरा डबा टेबलावर उघडा राहतो, ते काम विनाकारण करू नये.

घडणकार

प्राइमरचा मुद्दा मान्य. म्हणूनच एका वेळी टेबलावर एकच डबा.

पण "भक्कम बुडाचा उपयोगच नाही" हे मी मान्य करणार नाही. .४५ च्या बऱ्याच पिस्तुलांत फीड रॅम्पपाशी (काडतूस ज्या उतारावरून आत चढतं तिथे) चेंबरच्या तळाला पुंगळीचा थोडा भाग उघडा राहतो, त्याला आधार नसतो. दाब वाढला की पुंगळी तिथेच फुगते आणि फाटते. .४५ सुपर, म्हणजे .४५ एसीपीचं जास्त दाबाचं रूप, निघालं ते याच कमजोरीवर उपाय म्हणून. १९८८ मध्ये बंदुकांवर लिहिणाऱ्या डीन ग्रेनेल यांनी ते .४५१ डेटॉनिक्सची जाड पुंगळी आखूड करून मांडलं. म्हणजे जाड बुडाला खरा उपयोग आहे आणि तो नेमक्या जागी आहे.

मायक्रोमीटर

तुमचंच उदाहरण पुरतं घ्या. .४५ सुपरसाठी स्प्रिंग बदलतात, चेंबरला आधार देतात, म्हणजे आधी पिस्तूल तयार होतं. शिवाय आज स्टारलाइन या पुंगळ्या बनवणाऱ्या कंपनीची त्याच नावाची तयार पुंगळी मिळते. मग .३०८ कापण्याचं कारण उरलं कुठे?

मऊतोंड

मी एका वेळी एकच काडतूस भरायच्या पिस्तुलासाठी .२२१ फायरबॉल घडवतो, .२२३ पासून. रेमिंग्टनने १९६३ मध्ये एक्सपी-१०० पिस्तुलासाठी ते काढलं, मूळ पुंगळी .२२२ ची. इथे खांदा (पुंगळी निमुळती होते तो भाग) मागे ढकलावा लागतो, नवी मान (गोळी धरणारा तोंडाकडचा भाग) आधीच्या धडातून येते, म्हणून मान बाहेरून खरवडून पातळ केल्याशिवाय पुढे जायचंच नाही. ही वाट मळलेली आहे आणि निकाल उत्तम.

पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या बोलण्यात आली नाही: तापवणं. पुंगळी बनते तेव्हा तोंडाकडचं पितळ मऊ ठेवलेलं असतं आणि बूड कडक. तुम्ही मधूनच कापली की नवं तोंड कडक पितळाचं होतं, आणि एकदोन भरण्यांत चिरतं. ते मऊ करायला ज्योत धरली तर पुंगळी आखूड, तोंडापासून बूड जवळ. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं हे पितळ उष्णता झरझर खाली नेतं. बूड मऊ पडलं की संपलं, ज्या भक्कमपणासाठी एवढा खटाटोप केला तोच गेला. ३५ मिमीच्या फायरबॉलला बूड पाण्यात बुडवून हे जमतं. १७ मिमीच्या .३८० ला मी ज्योत लावणार नाही.

म्हणून माझी रेघ 'मिळतं की मिळत नाही' यावर नाही, लांबीवर आहे. लांब पुंगळी घडवा, बुटकी विकत घ्या.

मायक्रोमीटर

ही रेघ माझ्या रेघेपेक्षा चांगली आहे. .४५ एसीपीबद्दलचा माझा विरोध मात्र कायम, कारण ती बुटक्यांतच येते.

@घडणकार, शेवटचा प्रश्न तुम्हाला. बुडावर ठसा '.३०८ विंचेस्टर' आणि आत .४४ ऑटो मॅग. तुमच्यामागे ती पेटी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तर?

घडणकार

बुडावरचा जुना ठसा मी खरवडत नाही; तिथलं पितळ काढणं मला पटत नाही. घडवलेल्या पुंगळ्यांचं बूड पक्क्या शाईने पूर्ण काळं करतो आणि दर भरणीला पुन्हा करतो. पेटीवर मूळ पुंगळी, कापलेली लांबी, प्राइमर आणि कोणत्या पिस्तुलासाठी हे लिहितो. काळ्या बुडाची पुंगळी माझ्या टेबलावरून कोणाला दिली जात नाही, फुकटही नाही.