बाळदमा, पंप आणि जिन्याचे रंगकाम : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-302 : सर्वांना नमस्कार. माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. सर्दी झाली की एक-दोन दिवसांतच त्याची छाती वाजू लागते, खोकल्याने झोप मोडते आणि श्वास घेताना पोट उडताना दिसते. डॉक्टरांनी स्पेसर (पंप आणि मास्क यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) आणि मास्क लावून पंप (इनहेलर) द्यायला सांगितले आहे. ‘दमा’ हा शब्द त्यांनी अद्याप वापरलेला नाही. परंतु एवढ्या लहान वयात पंप सुरू केला तर तो जन्मभर सुटणार नाही, असे घरातील मोठ्यांना वाटते. ज्यांच्या मुलांना असा त्रास झाला असेल त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-104 : ताई, आमच्या मुलीला याच वयात हाच त्रास होता आणि पंपाची हीच भीती आमच्याही घरात होती. ती शाळेत जाऊ लागल्यावर त्रास हळूहळू कमी झाला आणि डॉक्टरांनी पंप बंद केला. प्रत्येक मुलाचे असेच होईल असे मी म्हणणार नाही, परंतु पंपाची सवय लागते हा समज मनातून काढून टाकावा. सी-201 मधील काकूंनी बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे, त्यांनी सविस्तर सांगावे अशी विनंती.

सी-201 : सांगते. या वयातील मुलांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट वाढतो. त्यामुळे मोठ्या माणसाला जी साधी सर्दी वाटते, तिच्यामुळे येणारी थोडी सूज आणि थोडा कफ लहान मुलाची छाती वाजवायला पुरेसा ठरतो. सुमारे एक तृतीयांश मुलांची छाती वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत एकदा तरी अशी वाजते, आणि त्यांपैकी बहुतेकांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबतो. फुंकर मारून करायची फुप्फुसांची चाचणी साधारण पाच-सहा वर्षांच्या आधी नीट करता येत नाही, म्हणून डॉक्टर घाईने दम्याचे निदान करत नाहीत. मात्र आई किंवा वडिलांना दमा असेल, मुलाला इसब असेल, किंवा सर्दी नसतानाही हसताना, धावताना, रात्री छाती वाजत असेल, तर पुढे दमा राहण्याची शक्यता वाढते. या गोष्टी डॉक्टरांना आपण होऊन सांगाव्यात.

आता पंपाविषयी. आकुंचन पावलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध पंपातून मायक्रोग्रॅममध्ये थेट फुप्फुसांत जाते. तेच औषध सिरपमधून दिले तर मिलिग्रॅममध्ये द्यावे लागते, परिणाम उशिरा दिसतो आणि हात थरथरणे, छाती धडधडणे हे त्रास अधिक होतात. म्हणजे ज्या औषधाला घरातील मंडळी सौम्य समजतात, तेच शरीराला जास्त जड पडते. रोज घ्यायचा स्टिरॉइडचा, म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी करणाऱ्या औषधाचा, पंप वेगळा असतो आणि तो सर्वांना लागत नाही. त्याने पहिल्या वर्षी उंचीची वाढ साधारण अर्धा सेंटीमीटर कमी होऊ शकते, हे खरे आहे. परंतु वारंवार धाप लागणे आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा पोटातून स्टिरॉइड देणे हे त्याहून अधिक हानिकारक आहे.

ए-302 : काकू, मनापासून आभार. मास्क लावताच तो आकांत करतो. रडताना श्वास खोल घेतला जातो, त्यामुळे औषध अधिक आत जाते असे मला कोणीतरी सांगितले होते.

सी-201 : नाही बाळा, उलट आहे. रडताना औषध घशात आणि तोंडातच अडकते आणि फुप्फुसांपर्यंत फार थोडे पोहोचते. मास्क नाक आणि तोंड यांवर घट्ट बसला पाहिजे. कडेला थोडी फट राहिली तरी बरेचसे औषध वाया जाते. पंप हलवून एक फवारा द्यावा, मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत, मग पुन्हा हलवून दुसरा फवारा द्यावा. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडू नयेत. तो बरा असताना मास्क खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या. स्पेसर साबणाच्या सौम्य पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला तर आत स्थिर विद्युत निर्माण होते आणि औषध भिंतीला चिकटून राहते. स्टिरॉइडचा पंप दिल्यानंतर चेहरा पुसून तोंडही स्वच्छ करावे.

डी-103 : मी आजोबांच्या भूमिकेतून विचारतो. नातवाला अशा वेळी वाफ दिली तर चालेल का?

सी-201 : काका, आपली काळजी मी समजू शकते, परंतु वाफेने श्वासनलिकांचे आकुंचन सुटत नाही आणि गरम पाणी अंगावर सांडून लहान मुले गंभीर भाजल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. वाफ देऊ नये.

ए-405 : आमच्या मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी असावी असा संशय आहे. चाचणी करून घ्यावी का?

सी-201 : त्वचेवरील चाचणी या वयातही करता येते, परंतु चाचणी सकारात्मक आली म्हणजे त्याच गोष्टीने त्रास होतो असे सिद्ध होत नाही, लक्षणे जुळली तरच तिला अर्थ असतो. नाक वाहणे आणि शिंका यांवरचे अ‍ॅलर्जीचे औषध छाती वाजण्यावर उपाय नव्हे. धुळीतील सूक्ष्म किडे अंथरुणात राहतात, म्हणून चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत आणि केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर बाकीची सारी स्वच्छता अपुरी पडते. गॅलरीत जाऊन ओढले तरी कपड्यांवरून तो धूर आत येतोच.

धोक्याच्या खुणा सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात. मूल शांत किंवा झोपलेले असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून अधिक असतील तर डॉक्टरांना दाखवावे. बरगड्यांमधील जागा खोल आत ओढली जाणे, नाकपुड्या फेंदारणे, पाणी पिता किंवा बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, मूल पेंगुळणे, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 92 टक्क्यांच्या खाली जाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पंप देत देत थेट रुग्णालय गाठावे. धाप तशीच असताना छातीचा आवाज अचानक थांबला, तर बरे वाटते आहे असे समजू नये. हवा आत जाणेच कमी झालेले असते. आणि सर्दी नसताना, खाताना किंवा खेळताना ठसका लागून छाती वाजू लागली, तर दाणा किंवा खेळण्याचा तुकडा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. तेथे पंपाने काम होत नाही.

सचिव : जिन्याचे रंगकाम ठरले आहे, त्याचा या मुलांना त्रास होईल का?

सी-201 : होऊ शकतो. रंगाचा आणि कीटकनाशकाचा उग्र वास अशा मुलांची श्वासनलिका चटकन आवळून टाकतो. सर्व मजले एकाच दिवशी रंगवू नयेत आणि जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सचिव : एका दिवशी एकच मजला रंगवला जाईल आणि तारीख दोन दिवस आधी येथे कळवली जाईल. कीटकनाशकाच्या फवारणीलाही हाच नियम लागू राहील. जिन्यात धूम्रपान करू नये, ही सूचना आजच फलकावर लावतो.

ए-302 : खूप आभार. शेवटचा एक प्रश्न : पंप संपला हे कसे ओळखावे? हलवल्यावर आत काही आहे असे वाटते.

सी-201 : त्यावर विसंबू नये. औषध संपल्यावरही आतील वायूमुळे फवारा येतच राहतो. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती पाहावी. नसेल तर डब्यावर लिहिलेल्या फवाऱ्यांचा हिशेब कागदावर ठेवावा आणि संपत येण्यापूर्वीच दुसरा आणून ठेवावा. कोणता पंप, किती फवारे आणि कधी रुग्णालयात न्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याची एक प्रत पाळणाघरातही द्या.