'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे हिअर की हिअरिंग?

पिंपळगावकर: कालपासून डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. मी द्राक्षाच्या पॅकहाऊसला कामाला आहे, रॉटरडॅमच्या पार्टीला कंटेनरच्या तारखेबद्दल मेल लिहिला अन् शेवटी टाकलं 'वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'. साहेबांनी प्रिंट मागवली आणि 'हिअरिंग'च्या 'इंग'वर लाल पेनाने काट मारली, म्हणे टूच्या पुढे क्रियापद मूळ रूपातच येतं, एवढं शाळेत शिकला नाही का. सगळ्यांसमोर बोलले. शाळेत तेच शिकलो खरं, टू गो, टू ईट, पण तिकडून येणाऱ्या मेलमध्ये मला कायम 'हिअरिंग'च दिसलंय. बरोबर काय अन् का?

पंचवटीचे मास्तर: तुमचंच बरोबर. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, दर वर्षी पोरांना इथंच ठेच लागायची. टू दोन आहेत. 'वॉन्ट टू गो'मधला टू म्हणजे आपल्या 'जायला'तला 'ला'. 'लुक फॉरवर्ड टू'मधला टू म्हणजे 'कडे', शब्दयोगी. डोळे लावून बसलोय, कशाकडे? तुमच्या येण्याकडे. 'यायलाकडे' कुणी म्हणतं का? 'कडे'च्या आधी नाम लागतं म्हणून आपण 'येणे'चं 'येण्या' करतो, इंग्रजीत तेच काम 'इंग' करतं. ताळा सोपा आहे, तिथं नुसतं नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' बसतं, म्हणून 'हिअरिंग'. 'युज्ड टू'चंही तसंच. 'आय युज्ड टू लिव्ह इन नाशिक' म्हणजे पूर्वी राहायचो, 'आयम युज्ड टू लिव्हिंग इन नाशिक' म्हणजे राहायची सवय झालीय.

सातपूर एमआयडीसी: सर नियम मान्य, पण मी परचेसला आहे, 'टू हिअर'वाले मेल रोज येतात आणि कुणाचं काही अडत नाही. एवढे लोक लिहितात तर ते आपलं इंग्लिश झालं ना, 'प्रीपोन' झालं तसं?

पंचवटीचे मास्तर: 'प्रीपोन'ची गरज होती, पोस्टपोनच्या उलट सुटसुटीत शब्द नव्हता, आज तो डिक्शनरीत आहे. इथं कसली गरज? चूक रोज केली म्हणून तिला हक्क मिळत नाही.

सातपूर एमआयडीसी: मिळतो सर, भाषा तशीच बदलते.

इंदिरानगर: मराठीत मात्र लोक आता 'तुमच्या उत्तराकडे पुढे बघतो' लिहायला लागलेत, ते वाचून जीव जातो. सरळ 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत' लिहा की.

सिडकोकर: प्रतीक्षा कशाला, 'वाट पाहतो' काय वाईट आहे?

इंदिरानगर: वाट तर निमाणीच्या स्टँडवर बसचीही बघतो आपण, वैतागून. लुक फॉरवर्डमध्ये आनंद असतो, तो 'वाट'मध्ये येईलच असं नाही. 'ओढ' जवळ जातं, पण धंद्याच्या मेलात ओढ कशी लिहिणार?

सटाण्याची लेक: ताई, वाटेत आनंद नाही असं कसं म्हणता? आमच्याकडे अहिराणीत 'वाट देखस' म्हणतात, आणि माझी आजी खरंच देखायची. वडील मालेगावहून शेवटच्या एसटीने यायचे, ही ओट्याच्या कडेला कपाळावर आडवा हात धरून बसलेली, अंधार पडला तरी हात खाली नाही. फाट्यावर गाडीचा उजेड वळला की मग उठून चुलीवर तवा टाकायची.

पंचवटीचे मास्तर: सुरेख. वाट म्हणजे रस्ताच, संस्कृत वर्त्मन्, प्राकृतात वट्ट, मग वाट. 'वाटेला लावणे' हे आधी निरोप देणंच होतं.

सिडकोकर: मग 'वाट लावली' पण त्यातूनच आलं का? आणि 'वाट पाहू राहिलो' शुद्ध का अशुद्ध, पुण्याची मामेबहीण दर वेळी हटकते.

सटाण्याची लेक: हटकू दे. अख्खा जिल्हा 'करू राहिलो, जाऊ राहिलो' बोलतो, ते अशुद्ध कसं?

इंदिरानगर: बोलायला ठीक, लिहिताना नको.

सातपूर एमआयडीसी: बघा, आता इथंही तेच भांडण.

पिंपळगावकर: सर, ते नाम ठेवून बघायचं मी कागदावर उतरवून घेतलंय. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे, साहेब सकाळी आठला येतात. आमच्याकडेही 'पाहू राहिलो'च म्हणतात बरं का.