सीएसएमटीची इमारत: रेल्वेचं ऑफिस की संग्रहालय?

फलाट_अठरा (धागाकर्ता)

मुंबई बघायला पाहुणे आले की आपण त्यांना सीएसएमटीसमोर उभं करतो, फोटो काढतो, "ही आमची व्हीटी" म्हणतो आणि टॅक्सीला हात करतो. घुमटाखालचा तो जिना, खांबांच्या आधाराशिवाय भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या, रंगीत काचांच्या खिडक्या, हे सगळं रोज कोण बघतं? मध्य रेल्वेच्या मुख्यालयात कामाला असलेले. २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाने इथली ऑफिसं हलवून संग्रहालय करायचा बेत काढला होता. कर्मचारी संघटनांनी विरोध केला आणि विषय मागे पडला. तो परत काढावा असं माझं स्पष्ट मत आहे. गाड्या कोणी हलवा म्हणत नाहीये. फायली कुठेही ठेवता येतात, असा जिना परत बांधता येणार नाही. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली वास्तू राजधानीच्या मधोमध उभी आहे आणि लोकांना बघायला मिळते ती रस्त्यावरून.

डोंबिवली_जलद

असहमत. फ्रेडरिक स्टीव्हन्सने हे बांधलं तेच मुळी जीआयपी रेल्वेचं (आजच्या मध्य रेल्वेची इंग्रजांच्या काळातली पूर्वज) स्टेशन आणि ऑफिस म्हणून. १८७८ ला काम सुरू झालं, दहाएक वर्षं चाललं. इमारत अजून ज्या कामासाठी बांधली त्याच कामाला लागतेय, हीच तिची खरी श्रीमंती. माणसं उठवून आत पुतळे आणि बोर्ड लावलेत की वर्षभरात धूळ खात पडेल. उद्घाटनाला सगळे येतात, गळती लागल्यावर कोण येतं?

कांदेपोहे_विदाउट_कांदा

+१ धागाकर्त्याला. पॅरिसचं ओर्से संग्रहालय बघा. रेल्वे स्टेशनच होतं की ते! आज जगभरातून लोक रांगा लावतात.

डोंबिवली_जलद

ओर्सेची गोष्ट अर्धीच सांगितलीत. ते स्टेशन १९०० चं. गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले आणि १९३९ च्या सुमारास लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून बंद झाल्या. पुढे इमारत पाडायचंही घाटत होतं. संग्रहालय उघडलं १९८६ ला. म्हणजे स्टेशन आधी निकामी झालं, मग संग्रहालय झालं. आपल्याकडे सकाळी साडेनऊला उतरून बघा, कोण निकामी झालंय ते.

चुन्याची_निवळी

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून थोडं लिहिते. "वापर चालू म्हणजे वास्तू सुरक्षित" हे अर्धसत्य आहे. कुठलंही जुनं सरकारी ऑफिस घ्या. उंच छताच्या दालनात प्लायवूडचं पार्टिशन, कोरीव कमानीतून काढलेली वायर, खिडकीत एसीचा डबा, आणि त्या डब्याचं पाणी खालच्या दगडावर. दगडांच्या सांध्यातला चुना निघाला की कोणीतरी वर सिमेंट थापतो. मग ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे निघतात. पण रिकामी वास्तू याहून लवकर जाते, कारण बंद खोलीतली गळती महिनोन्महिने कोणाला दिसत नाही. त्यामुळे मी दोघांच्याही बाजूने नाही. माणसं राहू देत, पार्टिशनं काढा.

डबेवाला_नसलेला

उपाय समोरच आहे, अक्षरशः रस्त्यापलीकडे. पालिकेचं मुख्यालय पण स्टीव्हन्सचंच, १८९३ चं. तिथे कारभार चालू ठेवून २०२१ पासून शनिवार-रविवारी वारसा फेरी सुरू केली. नगरसेवकांच्या सभागृहापर्यंत नेतात. मग सीएसएमटीला काय अडचण? छोटं वारसा दालन आहे, पण ते कामाच्या दिवशी दुपारी थोडा वेळ. नोकरदार माणूस जाणार कधी?

फलाट_अठरा

वारसा फेरी म्हणजे गाईडच्या मागून तासभर पळणं. मला नववीच्या पोरांचा वर्ग तिथे नेऊन निवांत बसवायचाय. खारी, मोर, माकडं, पानं कोरलेले दगड चित्रकलेच्या वहीत काढू देत ना त्यांना. नक्षीच्या कामात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता, पोरांना ते तिथेच सांगता आलं पाहिजे.

डोंबिवली_जलद

हे आवडलं. पण त्यासाठी मुख्यालय हलवायची काय गरज? रविवार द्या म्हणावं. आणि संग्रहालयात ठेवणार काय? इंजिनं दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहेत, इथल्या दालनांत ती मावायचीही नाहीत. मग १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीचं मॉडेल आणि शेजारी सेल्फी पॉइंट, एवढंच उरतं.

चुन्याची_निवळी

अवांतर: लोकलच्या तिकीट खिडक्यांचं दालन कोणी नीट पाहिलंय का? संगमरवर, घोटीव दगडाचे खांब, छतावर सोनेरी तारे. म्हणूनच त्याला स्टार चेंबर म्हणतात. पास काढायला गेलात की बघा.

फलाट_अठरा

रांगेत मान वर केली की मागचा ओरडतो, "ओ काका, पुढे सरका." एकदा तर माझा नंबरच गेला.

डबेवाला_नसलेला

पास ॲपवर काढा आणि दालनात नुसते बघायला जा. रविवारी दुपारी, मेगाब्लॉक असेल तर उत्तमच.